छत्तीस तारांचं चाक

चाक बांधायला घेतलं की वडील डाव्या हाताचा अंगठा रिमच्या एका भोकात घालून ठेवत. हे भोक ट्यूबच्या व्हॉल्व्हचं, बाकीच्या भोकांपेक्षा मोठं. पहिली तार त्याच्या लगतच्या भोकात पडेपर्यंत अंगठा तिथून निघत नसे. गिऱ्हाईक आलं, घरून डबा आला, कोणी पैसे द्यायला उभं राहिलं, तरी ते मानेनेच थांबायला सांगत.

कारण साधं होतं. पहिली तार जागेवर पडली की व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींपासून दूर राहतात आणि हवा भरताना पंपाच्या नळीला वाट मिळते. ती चुकली तरी चाक फिरतं, वजन पेलतं, लांबून पाहणाऱ्याला काही कळतही नाही. फक्त व्हॉल्व्हच्या वर दोन तारा कात्रीसारख्या एकमेकींवर येतात आणि तिथे बोटं जात नाहीत. शाळेच्या सुट्ट्यांत मी दुकानात बसायचो तेव्हा वडिलांनी मला हे एवढंच नीट शिकवलं. पहिली चुकली का साऱ्या चुकल्या, असं ते म्हणत. पुढे मी वर्तमानपत्राच्या कामाला लागलो आणि बाकीचं शिकायचं राहून गेलं.

दुकान रिसोडमध्ये, बसस्थानकापासून पायी पाच मिनिटांवर होतं. तीन बाजूंना पत्रा, पुढे रात्री लावायच्या लाकडी फळ्या. आत एक सायकल उलटी ठेवली की दोन माणसांना बसायला जागा उरे. मोटारसायकली वाढल्या तशी गिऱ्हाइकं कमी झाली. शेवटच्या वर्षांत शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सायकली, दोन दूधवाले आणि वाडीवर भाजी पिकवणारे थोडे लोक, एवढेच नियमित येत. वडील तरीही सकाळी आठला फळ्या काढत आणि संध्याकाळी सहाला लावत.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, आईचे फोन वाढले. मी अकोल्याला एका दैनिकात उपसंपादक आहे. दुपारी कामावर जातो, म्हणून ती सकाळी फोन करी. हातात चावी असताना हे चावी शोधतात, असं तिने पहिल्यांदा सांगितलं. मग, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने ताट मागतात, असं सांगितलं. मी वयावर ढकललं. नंतर एका दूधवाल्याची सायकल वडिलांनी पुढच्या ब्रेकचा नट न आवळता परत दिली. तो उतारावर पडला. कोपर सोलवटलं, दूध सांडलं, हाड मोडलं नाही. दूधवाला भांडायला आला नाही. त्याने दुसऱ्या दिवसापासून दुसरं दुकान धरलं, आणि वडिलांना तेच जास्त लागलं.

आईचं म्हणणं स्पष्ट होतं. आज दूधवाला पडला, उद्या शाळेतली पोरगी पडेल, त्याआधी दुकान बंद करा. वडील ऐकून घेत आणि सकाळी आठला फळ्या काढत.

याच काळात वाडीवाल्या काकांच्या सायकलचा विषय निघाला. हे काका वडिलांचे तरुणपणापासूनचे मित्र. नाल्यापलीकडे त्यांची दीड एकराची वाडी आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, हा माल पहाटे काढायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर बांधायचा आणि रिसोडच्या बाजारात स्वतः विकायला बसायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. नाल्याच्या पुलानंतर गावात शिरताना चढ लागतो. काकांचा उजवा गुडघा त्या चढावर थांबला. डॉक्टरांनी पेडल मारायला मनाई केली. मोटारसायकल ते कधी शिकले नाहीत आणि मुलाच्या गाडीमागे बसून भाजी विकायला जाणं त्यांना पटत नव्हतं.

साध्या सायकलला मोटार बसवता येते, अशी एक बातमी त्या आठवड्यात माझ्याच टेबलावर आली होती. मी ती दुरुस्त करून पानाला लावली आणि दुसऱ्या दिवशी काकांसाठी एक संच मागवला. खोक्यात मधोमध मोटार बसवलेलं पुढचं चाक, बॅटरी, चार्जर, हँडलला लावायची मूठ आणि वायरी जोडायची एक डबी होती. सुट्टीच्या दिवशी खोकं घेऊन मी बसने रिसोडला गेलो. शिरपूरला दर्शनाचे लोक उतरल्यावर बस रिकामी झाली, तेव्हा ते शेजारच्या सीटवर ठेवता आलं.

चूक दुकानात खोकं उघडल्यावर कळली. संचातलं चाक सव्वीस इंची होतं. काकांची सायकल जुन्या पद्धतीची, काळी, सळ्यांच्या ब्रेकची. तिला अठ्ठावीस इंची चाक लागतं. लहान चाक बसवलं तर ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचत नव्हते. मागवताना माप विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नव्हतं.

संच परत पाठवून मोठा मागवता आला असता. मी तसं म्हणालोही. वडिलांनी तोवर ते चाक मांडीवर घेतलं होतं आणि ते मोटारीच्या कडेची भोकं मोजत होते.

"वापस कायले?" ते म्हणाले. "मोटार या चाकातून काढू अन् मोठ्या रिममंदी बांधू. चाक बांधाचं काम आपलंच तं आहे."

आई तेव्हा डबा घेऊन आली होती. दूधवाल्याचं झालं ते पुरे, आता मोटारीच्या भानगडीत पडू नका, असं ती म्हणाली. वडिलांनी तिच्याकडे न पाहता उत्तर दिलं. मी ते त्यांच्याच शब्दांत देतो, कारण पुढे सगळं त्याप्रमाणे झालं.

"हे चाक बरोबर बांधलं तं मले दुकान बंद कर म्हणाचं नाही. चुकलं तं मीच कुलूप लावीन अन् चावी तुह्या हातात देईन."

आईने ते मान्य केलं. काका तिथेच बसले होते. माह्या गुडघ्यावर तुमी दुकान पैजेला लावलं काय, असं ते म्हणाले, आणि तिघंही हसले.

मोटारीला छत्तीस भोकं होती. काकांच्या पुढच्या रिमला बत्तीस, मागच्या रिमला चाळीस. छत्तीस भोकांची अठ्ठावीस इंची रिम रिसोडमध्ये नव्हती. मला ती अकोल्यात एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर मिळाली. तारांचाही प्रश्न होता. संचातल्या तारा मोठ्या रिमला आखूड पडत होत्या आणि बाजारातल्या नेहमीच्या तारा लांब, कारण मोटारीचा घेर साध्या चाकाच्या मधल्या हबच्या कितीतरी पट मोठा. वडिलांनी मोटारीच्या कडेपासून रिमपर्यंत सुतळी ताणून माप घेतलं. लांब तारा त्या मापाने तोडल्या. तारेच्या टोकाला आटे पाडायचं एक हातयंत्र त्यांच्याकडे होतं. कित्येक वर्षांत न वापरलेलं ते यंत्र त्यांनी रॉकेलमध्ये भिजवून मोकळं केलं. पुढच्या आठवड्यात मी आलो तेव्हा छत्तीस तारा एका डब्यात उभ्या करून ठेवलेल्या होत्या. मी चार-पाच मापून पाहिल्या. सगळ्या सारख्या होत्या.

आईने फोनवर सांगितलं होतं की तो आठवडा वडील बरे होते. ताट दोनदा मागितलं नाही, चावी शोधली नाही.

चाक बांधायचा दिवस रविवार होता. सकाळी नऊच्या सुमाराला वडील पोत्यावर बसले. मांडीवर रिम, समोर मोटार, उजव्या हाताला तारांचा डबा, शेजारी वाटीत निपल, म्हणजे तारेच्या टोकाला बसणारे लहान पितळी नट. काका मालाच्या रिकाम्या क्रेटवर बसले होते. मी फळीला टेकून उभा होतो. वडिलांनी रिम फिरवून मोठं भोक समोर आणलं आणि त्यात डावा अंगठा घातला.

काकांचं बोलणं चालू होतं. मोटार लावल्यावर सायकलला लायसन लागतं का, असं त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, "तुले पाहून पोलीसच रस्ता सोडतीन. सांबाराचा वास येते दुरून." काकांनी त्यावर, तुह्या दुकानात तं वासही येत नाही गिऱ्हाइकाचा, असं ऐकवलं. वडील हसले. तेवढ्यात समोरच्या हॉटेलातून तीन कप चहा आला. हॉटेलवाल्याने कप वडिलांपुढे धरला.

वडिलांनी अंगठा काढला आणि कप घेतला.

मी ते पाहिलं. तेव्हा त्याला महत्त्व दिलं नाही. चहा पिऊन झाल्यावर वडिलांनी कप बाजूला ठेवला, हात पुसले, रिम पुन्हा मांडीवर घेतली, एक तार उचलली, मोटारीच्या भोकातून ओवली आणि रिममध्ये टाकून निपल फिरवला. ती तार मोठ्या भोकाच्या लगत नव्हती. मध्ये एक भोक रिकामं होतं.

मी पुढे झुकून पाहिलं. मग दुसरी तार पडली, तिसरी पडली. एका फेरीत नऊ तारा पडतात. पहिली फेरी होईपर्यंत चूक सुधारायला पाच मिनिटं पुरतात. त्या पाच मिनिटांत मी दोन गोष्टी मनाशी म्हटल्या. एक, मोटारीचं चाक वेगळं असतं, तिथे हिशेब वेगळा असेल. दुसरी, वडिलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिली मला खरी वाटत नव्हती. दुसरी खरी होती, पण त्या सकाळी तिचा उपयोग नव्हता. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक दाखवणं हा माझा रोजचा धंदा आहे. तिथे आई नव्हती, काकांना यातलं काही कळत नव्हतं. विचारलं असतं तर वडिलांनी दोन-चार तारा काढून पुन्हा टाकल्या असत्या, आणि ते कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

मी विचारलं नाही. त्यांना काकांसमोर टोकावं लागेल, एवढंच मला त्या वेळी दिसलं.

छत्तीस तारा भरायला दीड तास लागला. मग चाक फोर्कमध्ये उभं करून वडिलांनी आउट काढायला घेतला. म्हणजे चाक फिरवत, तारा थोड्या आवळत, थोड्या सैल करत रिमचा लचका काढायचा. यासाठी ते खडूचा तुकडा रिमजवळ धरत. चाक जिथे बाहेर येई तिथे खडू लागे. शेवटी चाक पूर्ण फिरलं आणि खडू कुठेच लागला नाही. वडिलांनी खडू अजून जवळ नेला. तरीही लागला नाही. मोटारीचं एवढं जड चाक पाण्यासारखं फिरत होतं. काकांनी मान डोलावली. वडिलांनी रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला थांबवून ते चाक फिरवून दाखवलं. असं करताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर टायर चढला. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोठ्या भोकातून बाहेर आला. वडिलांनी पंप ओढून घेतला आणि नळी धरून हात आत घातला.

हात आत गेला नाही. दोन तारा बरोबर व्हॉल्व्हवर एकत्र आल्या होत्या.

त्यांनी हात काढला, चाक थोडं फिरवलं आणि दुसऱ्या बाजूने घातला. शेवटी नळी खाली ठेवली. मग त्यांनी व्हॉल्व्हच्या भोकापासून बोट सरकवत एकेक तार मोजली, जशी एखादा माणूस घरातली माणसं मोजतो, आणि बोट पहिल्या तारेवर थांबलं.

काकांनी काय झालं ते विचारलं.

"काही नाही," वडील म्हणाले. "हवा भरून राह्यलो."

त्यांनी पेचकस घालून दोन तारा किंचित फाकवल्या, नळी कशीतरी दाबून धरली आणि मला पंप मारायला सांगितलं. मी पंप मारला. अर्धी हवा बाहेर जात होती. टायर भरायला नेहमीपेक्षा चौपट वेळ लागला. दुपारी वायरी जोडल्या, बॅटरी मधल्या दांड्याला पट्ट्यांनी बांधली. चार वाजता काका सायकलवर बसले, पुलाकडे गेले आणि चढ चढून परत आले. उजवा पाय त्यांनी पेडलवर नुसता ठेवला होता. हे दाखवण्यासाठी ते दुकानासमोरून दोनदा गेले.

काका वाडीवर गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. वडील हत्यारं पुसून फळीवर लावत होते.

"तू पाह्यलं होतं," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"कवा?"

"पहिली तार टाकली तवा."

"मंग बोलला काहून नाही?"

मला वाटलं मोटारीचं वेगळं असेल, असं मी सांगितलं. त्यांनी ते ऐकलं. माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते कळलं नाही. चाक उद्या खोलू, तारा काढून पुन्हा टाकू, मी सुट्टी वाढवतो, असंही मी म्हणालो. त्यावर ते निपल फिरवायचा पाना पुसत राहिले.

"खोलू," ते म्हणाले. "अन् पुन्हा तसंच झालं तं?"

सहा वाजता त्यांनी फळ्या लावल्या. कुलूप लावलं, नेहमीसारखं दोनदा ओढून पाहिलं. घरी गेल्यावर चावी आईच्या हातात दिली. आईला चाकाचं काही माहीत नव्हतं. काकांची सायकल चढ चढली हे तिला कोणीतरी सांगितलं होतं आणि ती खुशीत होती. काय झालं ते तिने विचारलं. वडील म्हणाले, "ठरलं होतं ना." त्यानंतर आपण पैज जिंकली असं ती कधी म्हणाली नाही. पुढचे काही दिवस तिनेच त्यांना दुकान उघडा म्हणून सांगून पाहिलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हा विसरण्याचाच आजार आहे, गोळ्यांनी वेग कमी होतो, मागे फिरत नाही, असं सांगितलं. दुकानाच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. हत्यारं घरी आणली आहेत. पंप अंगणात असतो.

काकांची सायकल चालते. बॅटरी एकदा बदलली. चाकाला काही झालं नाही. फक्त हवा भरायला त्यांना आमच्याकडे यावं लागतं. सुरुवातीच्या महिन्यात, सगळं आठवत असताना, वडिलांनी पितळी नळीचा एक वाकडा तुकडा तयार केला होता. तो तारांच्या फटीतून तिरपा आत जातो आणि पंपाला जोडता येतो. तो तुकडा आणि त्याची रीत वडिलांच्या हाताला अजून माहीत आहे. गावातल्या दुसऱ्या दुकानदाराने काकांना हे चाक तासाभरात खोलून नीट बांधून देतो म्हणून सांगितलं होतं. काकांनी दिलं नाही. मी त्यांना कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. हवाच तं भरा लागते."

गेल्या महिन्यात मी घरी होतो तेव्हा काका बाजार आटोपून आले. सायकल अंगणात लावली. वडील खाटेवरून उठले, वाकडी नळी घेऊन चाकाजवळ बसले आणि व्हॉल्व्ह पाहून थांबले.

"कोण्या येड्यानं बांधलं हे चाक?" ते म्हणाले.

काकांना हे नवीन नव्हतं. दर वेळी हाच प्रश्न येतो, असं त्यांनी मला आधी सांगितलं होतं.

"खोक्यातून तसंच आलं ना बाप्पा," काका म्हणाले. "मोटारीसंग."

"कंपनीवाल्याइले काही समजत नाही. सायकल इथंच ठेवून जाय. मी खोलून बांधून देतो."

"अन् उद्या भाजी कोण नेईन? तुहा बाप?"

वडील हसले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. चाक फिरवून व्हॉल्व्ह समोर आणला, त्यावर डावा अंगठा ठेवला आणि उजव्या हाताचं बोट लगतच्या भोकावर टेकवलं. बोट बरोबर जागेवर होतं.

"पहिली तार इथं पाह्यजे होती," ते म्हणाले. "तुले शिकवलं होतं ना मी. तू असता तिथं तं बोलला असता."

मी हो म्हणालो.

त्यांनी वाकडी नळी तारांमधून आत घातली आणि घट्ट धरली. मी पंप मारला. टायर दाबून पाहिल्यावर काकांनी सायकल वळवली, गोणपाट कॅरिअरला अडकवलं आणि ते पेडल न मारता पुलाच्या दिशेने गेले. वडिलांनी अंगठा धोतराला पुसला आणि ते परत खाटेवर जाऊन बसले.